पी२ कॅथोडमध्ये मॅग्नेशियमचे डोपिंग: टिकाऊपणा नेमका कशामुळे वाढतो?

प्रश्न

नमस्कार. सोडियम-आयन बॅटरीसाठी मी कॅथोड (धन ध्रुव) म्हणून पी२ रचनेच्या (थरांची अशी रचना, जिच्यात सोडियम प्रिझमच्या आकाराच्या जागांत बसते) निकेल-मँगनीज ऑक्साइडवर (सोडियम ०.६७, निकेल ०.३३, मँगनीज ०.६७) काम करत आहे. ४.० व्होल्टपर्यंत चार्ज केलेला सेल उत्तम टिकतो, ४.५ व्होल्टपर्यंत नेला की मात्र क्षमता झपाट्याने घसरते. निकेलच्या जागी ०.०५ इतके मॅग्नेशियम घालावे, म्हणजेच त्याचे डोपिंग करावे, असा विचार आहे. ते स्वतः इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करत नाही. मग टिकाऊपणा कसा वाढतो, आणि क्षमतेत किती घट सोसावी लागते?

प्रतिसाद १

साधारण ४.२ व्होल्टच्या वर उरलेले सोडियम निघून जाऊ लागते, थर एकमेकांवरून सरकतात आणि पी२चे रूपांतर ओ२ या रचनेत होते (सोडियमची जागा प्रिझमऐवजी अष्टफलकाच्या आकाराची होते; येथे ओ२ म्हणजे ऑक्सिजन वायू नव्हे). त्यात आकारमान सुमारे २३ टक्क्यांनी आक्रसते. कण तडकतात ते यामुळेच. निकेल आणि मॅग्नेशियम दोन्ही द्विसंयुजी असून त्यांच्या त्रिज्या ०.६९ व ०.७२ अँगस्ट्रॉम आहेत, त्यामुळे मॅग्नेशियम मँगनीजचा प्रभार न बदलता त्या जागी बसते. ते असल्यावर थोडे सोडियम थरांमध्ये राहते आणि ओ२ऐवजी ओपी४सारखी (ओ आणि पी प्रकारचे थर आलटून-पालटून असलेली), कमी आक्रसणारी रचना तयार होते. सोडियम व रिक्त जागांची ठरावीक मांडणीही विस्कटते, म्हणून व्होल्टेजच्या आलेखातील पायऱ्या पुसट होतात. फक्त निकेलचे दोन इलेक्ट्रॉन धरले, तर सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे १७३ मिलिअँपिअर-तासांवरून सुमारे १४९वर येते.

प्रतिसाद २

वरचा हिशेब योग्य आहे आणि माझ्या मते खरी मेख त्यातच आहे. डोपिंग केलेल्या नमुन्यातून सोडियमच कमी निघत असेल, तर तो अधिक टिकणारच. म्हणून मूळ नमुनाही तेवढीच क्षमता काढून चालवून पाहावा. त्यानंतरही फरक उरला, तरच त्याचे श्रेय मॅग्नेशियमला देता येईल. शिवाय मॅग्नेशियम जालकात (स्फटिकाच्या रचनेत) गेले आहे याची खात्री करून घ्यावी. एक्सआरडीमध्ये (क्ष-किरण विवर्तन चाचणीत) निकेल ऑक्साइड आणि मॅग्नेशियम ऑक्साइड यांची मुख्य शिखरे ४३ अंशांच्या आसपास जवळजवळ एकाच जागी येतात, त्यामुळे थोडी अशुद्धी सहज नजरेतून निसटते. आयसीपी ही मूलद्रव्यांचे प्रमाण मोजणारी चाचणी मॅग्नेशियमचे एकूण प्रमाण सांगते, त्याची जागा नव्हे. त्यासाठी लॅटिस पॅरामीटर (जालकातील मूळ अंतरे) मॅग्नेशियमच्या प्रमाणानुसार सरकतात का, हे दोन-तीन वेगवेगळ्या प्रमाणांचे नमुने करून तपासावे लागेल.

प्रतिसाद ३

टायटॅनियमचाही विचार करावा, असे सुचवतो. ते मँगनीजच्या जागी बसते, आणि या व्होल्टेजला चतुःसंयुजी मँगनीज तसेही निष्क्रिय असल्याने निकेलच्या वाट्याची क्षमता शाबूत राहते. २०२२मध्ये रिलायन्सने विकत घेतलेल्या ब्रिटनमधील फॅराडियन कंपनीच्या कॅथोडमध्ये निकेल व मँगनीजबरोबर मॅग्नेशियम आणि टायटॅनियम दोन्ही वापरले आहेत. आपण आधी दोन्ही स्वतंत्रपणे घालून पाहावेत. सुरुवातीलाच एकत्र घातले, तर कोणाचा परिणाम किती हे वेगळे काढणे अवघड होईल.