ब्रश टर्कीच्या 'माउंड'ला मराठीत काय म्हणाल?

सिडनीची_माय: लेकीला मराठी शाळेसाठी 'आमच्या अंगणातला पक्षी' यावर दहा ओळी लिहायच्यात आणि अंगणात आहे ब्रश टर्की. काळा, डोकं लालभडक, गळ्यात पिवळी झोळी. नराने कुंपणापाशी मीटरभर उंच पालापाचोळ्याचा ढीग रचलाय, त्यालाच इथे 'माउंड' म्हणतात. झाडांच्या बुडाशी पसरलेलं आमचं सगळं मल्च ओढून नेलं मेल्याने. माद्या त्यात अंडी पुरून निघून जातात आणि पाला कुजून जी ऊब येते तिच्यावरच ती उबतात. लेकीने 'घरटं' लिहिलं तर सासूबाई फोनवरून म्हणतात घरटं कसलं, उकिरडा म्हण. लेक रुसलीये. सुचवा काहीतरी.

पातेरा: सासूबाईंना माझं अनुमोदन. उकरणे आणि उकिरडा एकाच घरातले शब्द, संस्कृतात उत्कर म्हणजे ढीग. हा बाबा दिवसभर मागे पाय झाडत उकरतोच ना?

शुद्धमती: उकिरडा घाणीचा असतो. 'उष्मकूट' करा की, म्हणजे उबेचा ढीग.

पातेरा: उष्मकूट ऐकून टर्की पळून जाईल.

सिडनीची_माय: जाऊदेत हो! इथे कायद्याने त्याला हातही लावता येत नाही.

पेंढा: आढी म्हणा आढी! आजोबा माडीवर पेंढ्यात हापूस घालायचे आणि रोज संध्याकाळी कोपरापर्यंत हात खुपसून ऊब बघायचे, आम्हाला हात घालू द्यायचे नाहीत.

सिडनीची_माय: अय्या, हा पण तेच करतो! ढिगात चोच खुपसून बघतो, जास्त तापलं की पाला बाजूला सारतो, कमी वाटलं की वर ओढतो. ३३ ते ३५ अंश ठेवतो म्हणे.

शुद्धमती: आढीत आंबे पिकतात. अंडी पिकवणार का? आणि शब्द 'अढी' आहे.

पेंढा: अढी मनात असते, आंबे आढीत असतात. आमच्या घरी चार पिढ्या आढीच म्हणतात.

शुद्धमती: चार पिढ्या चुकल्या म्हणून बरोबर होत नाही.

खुडूक_कोंबडी: मला एक सांगा, पिल्लांना बाप चारतो का?

सिडनीची_माय: छे. पिल्लू आपलं आपण उकरून वर येतं आणि सरळ झुडपात चालू पडतं, बापाला पत्ताही नसतो.

खुडूक_कोंबडी: मग घरटं नकोच. आमच्या कोंबड्या एकवीस दिवस अन्नपाण्याला सुद्धा जेमतेम उठतात.

पेंढा: ते असूदे, हल्ली आढी घालायला पेंढा तरी कुठे मिळतो? सगळे कागदात गुंडाळतात.

पातेरा: कागद परवडला, कार्बाइडपेक्षा.

सिडनीची_माय: अहो, दहा ओळी उद्या द्यायच्यात!

शुद्धमती: अढी. कोश उघडून बघा.