मेकॅनिककडे अडकलेली गाडी – तुमचे अनुभव लिहा

रानजाई
आज माळा आवरताना बाबांचा पत्र्याचा डबा सापडला. स्क्रू, फ्यूज, हवा मोजायचा गेज आणि तळाशी गाडीची दुसरी चावी. गाडी जाऊन किती वर्षं झाली, बाबाही नाहीत आता. चावी हातात घेतली आणि त्या सात महिन्यांचे सगळे रविवार आठवले.

गाडी निळा धूर सोडत होती. रिंग गेल्यात, इंजिन उघडावं लागेल, चार दिवस लागतील, असं मेकॅनिक म्हणाला. बाबांनी ॲडव्हान्स दिला, चावी दिली. कागद काहीच नाही, कारण माणूस ओळखीचा. मग ब्लॉक बोअरिंगला गेला, मग क्रँक टर्नरकडे गेला, मग टर्नर गावाला गेला, मग पार्ट मिळेना. बाबा दर रविवारी सकाळी जायचे आणि गाडीशेजारी ऑइलच्या उलट्या डब्यावर बसून यायचे. मी एकदा बरोबर गेले होते, नववीत असेन. गाडी ठोकळ्यांवर, चाकं गायब, बॉनेट उघडं आणि इंजिनाच्या जागी नुसती काळी पोकळी. मागच्या सीटवर आईने विणलेलं कव्हर होतं, त्यावर कुणीतरी तेलकट पाने टाकले होते. बाबांनी एकेक पाना उचलून खाली ठेवला, कव्हर झटकलं, नीट घडी घातली आणि काखेत घेऊन घरी आले. त्या दिवशी तेवढंच परत आणता आलं.

"चिडून चालणार नाही, गाडी त्याच्या हातात आहे," म्हणायचे. ते आठवलं की अजून पोटात तुटतं. आपल्याच वस्तूसाठी माणसाने इतकं नमतं घ्यायचं?

तुमच्या बाबतीत असं झालंय का? कसं सोडवलंत? लिहा.

सावली_२
कव्हरची घडी वाचून डोळे भरून आले गं. सविस्तर रात्री लिहिते, आत्ता कुकर लावलाय.

घाटवाट
"ओळखीचा आहे" हेच सगळ्याचं मूळ. माझं ऐका. गिअरबॉक्स खाली उतरवलाय, आठवडा लागेल असं सांगितलेलं. चौथ्या दिवशी रात्री पावणेबाराला फोनवर मेसेज, टोल कापला गेला! गिअरबॉक्स नसलेली गाडी टोलनाक्यावर कशी? सकाळी गेलो तर गाडी जागच्या जागी, बॉनेट गार. पण देताना मीटरचा फोटो काढून ठेवला होता. ३१२ किलोमीटर जास्त. मेसेज आणि फोटो दोन्ही समोर धरले तसा मालक खाली बघायला लागला. "ट्रायल घेतली" म्हणाला. गाडी त्याच संध्याकाळी मिळाली. पण सीटखाली दुसऱ्याच कुणाच्या लहान मुलाचा बूट निघाला. तो बूट बघून जी शिसारी आली ना, गाडी वर्षभरात विकून टाकली.

उंबर
फोटो काढायचं +१. आमच्या ऑफिसातल्या एकांची गाडी तीन महिने उभी होती. परत आली तेव्हा बॅटरी मेलेली, ब्रेक डिस्कवर गंजाचा थर, टायर एका जागी बसून चपटे झालेले आणि उंदरांनी वायरिंग खाल्लेलं. मूळ काम फक्त क्लच प्लेटचं. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते हे लोकांना कळत नाही.

सावली_२
उंदरांवर काही उपाय आहे का कुणाकडे? आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये फार त्रास आहे.

उंबर
सावली, रात्री बॉनेट उघडं ठेवायचं, उंदराला अंधार लागतो. आमच्याकडे तरी फरक पडला.

पानाफुला
धागा बघून लगेच लॉगिन केलं. माझी आत्ता अडकली आहे. ४१ दिवस झाले. पुढचे ब्रेक आणि एक ऑइल लीक एवढंच सांगितलं होतं. त्याने न विचारता सस्पेन्शन बदललं, आता बिल ठरल्याच्या दुपटीहून जास्त. सगळे पैसे दिल्याशिवाय गाडी हलणार नाही म्हणतो. वर म्हणतो, "मॅडम, तुमच्याच जिवासाठी केलं." असं अडवून ठेवता येतं का त्याला? रोज दोन बस बदलून मुलीला शाळेत सोडतेय. रडू येतं हो.

काळा_डगला
पानाफुला, आधी पाणी प्या. कोर्टाच्या व्हरांड्यात उभा राहून टंकतोय, चुका सांभाळून घ्या.

त्याला अर्धा हक्क आहे, अर्धा नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७० सांगतं की दिलेल्या वस्तूवर कुणी मेहनत किंवा कसब खर्च केलं असेल, तर त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू त्याला ठेवून घेता येते. म्हणजे सांगितलेलं काम पूर्ण केलं आणि तुम्ही पैसे दिले नाहीत, तर गाडी अडवणं कायदेशीर. पण काम ठरल्याप्रमाणे झालेलं हवं, आणि हक्क त्याच कामाच्या पैशांपुरता. मागची उधारी किंवा मनाने केलेलं काम त्यात घुसवता येत नाही. त्याच कलमाखाली शिंप्याचं उदाहरण आहे. कोट शिवून होताच द्यायचा आणि पैसे तीन महिन्यांनी घ्यायचे असं ठरलं असेल, तर शिंप्याला कोट अडवता येत नाही. आधी काय ठरलं होतं ते बघतात. आणि अडवायचा हक्क म्हणजे विकायचा हक्क नव्हे, हेही लक्षात ठेवा.

तुमच्याकडे एस्टिमेट लेखी आहे का?

पानाफुला
व्हॉट्सॲपवर आहे. त्याने पाठवलेलं, आकड्यासकट. मी "ओके" लिहिलंय.

काळा_डगला
सोनं आहे ते. स्क्रीनशॉट काढून दोन जागी ठेवा. फोनवर वाद घालू नका. पत्र लिहा: गाडी कधी दिली, काय ठरलं, काय न विचारता केलं, ठरलेली रक्कम द्यायला मी तयार आहे, अमुक तारखेपर्यंत गाडी द्या. हातोहात पोच घ्या, नाहीतर रजिस्टर्ड पाठवा. गाडी तातडीने हवीच असेल तर पूर्ण रक्कम भरा, पण बिलावर "वादग्रस्त रक्कम हरकतीसह अदा" असं लिहून, आणि ती वसूल करायला ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंदवून बघा, पुष्कळदा तिथेच मिटतं.

घाटवाट, तुमच्या ३१२ किलोमीटरला कलम १५४ आहे. ठरल्यापेक्षा वेगळा वापर केला आणि नुकसान झालं, तर भरपाई त्याची.

चिंचोका
पण दुसरी चावी असेल तर? सरळ रात्री जाऊन काढून आणायची. गाडी आपली, भीती कुणाची?

काळा_डगला
चिंचोका, हे चुकूनही करू नका! १८६० च्या दंडसंहितेत चोरीच्या कलमाखाली घड्याळाचं उदाहरणच दिलं होतं. दुरुस्तीचे पैसे देणं आहे, दुरुस्ती करणाऱ्याने त्यासाठी घड्याळ कायदेशीरपणे ठेवलंय, आणि त्याची ती हमी बुडवायला मालकाने ते उचललं, तर मालकानेच चोरी केली असं धरतात. ती संहिता जाऊन २०२४ मध्ये न्याय संहिता आली, पण तत्त्व तेच. आपलीच वस्तू आणि चोर आपणच.

रानजाई
बापरे. हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळतंय. बाबांकडे ही चावी तेव्हाही होती. मी एकदा म्हटलंही होतं, आणूया ना आपण. ते म्हणाले, "इंजिनाशिवाय चावी फिरवून काय होणार बाळा."

पाना_पकड
मी गॅरेज चालवतो, २२ वर्षं झाली. बराच वेळ लिहू की नको चाललं होतं.

वर लिहिलेलं सगळं खरं आहे, आमच्या धंद्यात हे होतं. रानजाई, तुमच्या वडिलांच्या ॲडव्हान्सचं काय झालं असेल ते मी न बघता सांगतो. तो दुसऱ्या गाडीच्या पार्टात गेला. त्या गाडीवाल्याने पैसे थकवले आणि तुमची गाडी ठोकळ्यांवर राहिली. हातात खेळतं भांडवल नसतं. एकाचं इंजिन दुसऱ्याच्या पैशावर उघडतात, आणि मध्ये एकाने दगा दिला की सगळी साखळी अडते. मग गिऱ्हाइकाला तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून "उद्या या" निघतं. हे समर्थन नाही. मीही सुरुवातीला दोघातिघांना असे हेलपाटे घालायला लावलेत. एका आजोबांचं तोंड अजून आठवतं.

दुसरी बाजूही बघा. माझ्याकडे आत्ता तीन गाड्या पडून आहेत. मालक फोन उचलत नाहीत, एक तर आठ महिन्यांपासून. जागा माझी अडली, पार्ट माझ्या पैशाचे.

आता मी काय करतो ते सांगतो. गाडी आली की जॉब कार्ड. त्यावर किलोमीटर, पेट्रोलचा काटा, गाडीतल्या वस्तू, काम, अंदाजे रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या. उघडल्यावर जास्तीचं काही निघालं तर फोटो पाठवतो आणि "करा" असा मेसेज आल्याशिवाय पाना लावत नाही. काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून डिकीत ठेवतो. तुमचा मेकॅनिक हे करत नसेल तर तुम्ही करायला लावा. चांगल्या माणसाला राग येत नाही.

पानाफुलाताई, जुनं सस्पेन्शन मागा. खरंच बदललं असेल तर जुने शॉकॲब्सॉर्बर त्याच्याकडे असायला हवेत. तेल गळून ओले झालेत की कोरडे आहेत ते बघा, फोटो काढा. कोरडे असतील तर बहुतेक बदलायची घाई नव्हती.

घाटवाट
पाना_पकड, मनापासून लिहिलंत. असं कबूल करायला धैर्य लागतं.

सावली_२
आले. माझा अनुभव स्कूटरचा आहे, चालेल ना? मेकॅनिक वारला आणि गॅरेजला कुलूप. आत माझी स्कूटर. मुलगा दुसऱ्या गावी. त्याच्याशी भांडायचं कसं, त्याचं सुतक चालू. पंधरा दिवसांनी त्यानेच फोन केला, वडिलांच्या वहीत तुमचं नाव आहे, काम पूर्ण, पैसे बाकी. वहीत तारीख, नंबर, सगळं सुवाच्य अक्षरात. पैसे दिले, त्याने स्वतः किक मारून दाखवली. एका मारात सुरू झाली. त्या वहीमुळे मला माझी स्कूटर मिळाली आणि त्याला त्याच्या वडिलांच्या मेहनतीचे पैसे.

उंबर
सावली, काय लिहिलंयस.

चिंचोका
काळा_डगला, धन्यवाद. खरं तर भावाच्या गाडीसाठीच विचारत होतो, आज रात्री निघणार होता तो. थांबवलंय.

पानाफुला
अपडेट. पत्र दिलं, पोच घेतली, सही करताना कुरकुरला. जुने शॉकॲब्सॉर्बर मागितले तर आधी "भंगारवाला घेऊन गेला" म्हणाला. मग आतल्या पोऱ्याने टेबलाखालून काढून दिले. बोट फिरवून बघितलं, कोरडे ठणठणीत. फोटो काढले. त्यानंतर आवाज एकदम खाली आला. ठरलेल्या रकमेत द्यायला तयार झालाय. शुक्रवारी या म्हणतोय.

पाना_पकड
ताई, कुठला शुक्रवार ते तारखेसकट लिहून घ्या.

पानाफुला
घेतलंय दादा. त्याच्या सहीनिशी.