कोकणात जाताना गाडी पुसायचं सामान किती न्यावं?

प्रश्न: दिवाळीनंतर पुण्याहून तारकर्लीला जातोय. पाच दिवस, चार माणसं, छोटी हॅचबॅक. डिकीत बॅगा मावतानाच मारामार. मागच्या वेळी आंबोलीच्या वळणांवर धाकटीने मागच्या सीटवर उलटी केली आणि आमच्याकडे होता फक्त बायकोचा ओढणीवजा स्कार्फ. तेव्हा आटोपशीर काय घेऊ?

उत्तर १: मी चपातीचा जुना स्टीलचा डबा वापरतो, ड्रायव्हर सीटखाली बसतो. त्यात तीन मायक्रोफायबर फडकी, जुना टूथब्रश, छोटी स्प्रेची बाटली आणि पुडीत खायचा सोडा. उलटी आधी टिपून घ्यायची, चोळायची नाही. मग ओलसर फडकं, वर सोडा भुरभुरायचा. वाळला की झटकायचा, वास बराच जातो. काचेचं फडकं मात्र वेगळं ठेवा. डॅशबोर्डच्या पॉलिशचं तेच काचेला लावलंत तर रात्री समोरच्या दिव्यांत काही दिसत नाही.

उत्तर २: लाल धूळ कोरडी पुसू नका हो! रंगावर बारीक ओरखडे येतात, माझं बॉनेट साक्षीला आहे. आधी पाणी ओता. पाच लिटरचा कॅन पुरतो, वाळूचे पायही त्यातच धुवा.

उत्तर ३: काचेवर चिकटलेल्या किड्यांवर ओला पेपर दहा मिनिटं. खरवडायचं नाही.

प्रश्नकर्ता: डबा मिळाला. आईचा आहे, तिला अजून सांगितलेलं नाही.