मदत हवी आहे: ९ नोव्हेंबरचा दिनविशेष कसा लिहू?

नमस्कार मंडळी, मुलांसाठी फळ्यावर रोजचा दिनविशेष लिहिते, आणि ९ नोव्हेंबरपाशी अडकलेय.

एकट्या जर्मनीचंच बघा. १९१८ मध्ये कैसर म्हणजे जर्मन सम्राट गेला, समाजवादी लोकशाही पक्षाचा नेता शाइडमान याने राइशस्टागच्या म्हणजे संसदेच्या खिडकीतून प्रजासत्ताक जाहीर केलं आणि दोनेक तासांत जहाल डाव्या गटाचा नेता लीबक्नेख्ट याने राजवाड्यावरून वेगळंच, समाजवादी प्रजासत्ताक जाहीर केलं. १९२३ मध्ये म्युनिकला हिटलरचा उठाव फसला. १९३८ मध्ये नाझींनी सिनेगॉग म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली, ज्यूंची दुकानं फोडली, ३० हजारांच्या आसपास ज्यू पुरुषांना पकडून नेलं. आणि १९८९ मध्ये बर्लिनची भिंत उघडली.

आता हे एकाखाली एक लिहिलं की सगळं निव्वळ योगायोग वाटतं. पण १९३८ ला नाझी पुढारी म्युनिकला जमलेच होते ते १९२३ च्या उठावाचा स्मृतिदिन पाळायला, तिथेच, पॅरिसमध्ये एका ज्यू तरुणाने गोळ्या घातलेला जर्मन वकिलातीतला अधिकारी फॉम राट मेल्याची बातमी आली, नाझी प्रचारमंत्री गोबेल्सने भाषण ठोकलं आणि त्याच रात्री हिंसाचार सुरू झाला. म्हणजे तारखेनेच तारीख ओढून आणली ना?

याउलट १९८९ चं. पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचा प्रवक्ता शाबोव्स्की याला पत्रकार परिषदेत विचारलं की पूर्व जर्मन नागरिकांसाठी प्रवासाचे नवे नियम कधीपासून, तो कागद चाळत बसला आणि म्हणाला, माझ्या माहितीप्रमाणे लगेच, ताबडतोब. खरं तर ते दुसऱ्या दिवसापासून लागू व्हायचे होते! लोक भिंतीवरच्या सीमा-नाक्यांवर लोटले आणि रात्री साडेअकराच्या सुमारास बॉर्नहोल्मर रस्त्यावरच्या नाक्याच्या अधिकाऱ्याने वरून हुकूम नसताना गेट उघडलं. हा भाग वाचताना मला दर वेळी भरून येतं.

तर प्रश्न असा की हा आनंद आणि १९३८ ची ती रात्र एकाच फळ्यावर लिहू का? आणि १९१८ चं १९२३ शी काही नातं आहे का?

प्रतिसाद: ताई, नक्की लिहा. १९१८ आणि १९२३ मध्ये नातं आहे ते रागाचं, १९१८ मध्ये प्रजासत्ताक आणणाऱ्यांना हिटलर 'नोव्हेंबरचे गुन्हेगार' म्हणायचा. बाणच काढा, १९१८ पासून १९२३ आणि तिथून १९३८, मात्र १९८९ ला बाण नको. आणि तुम्हाला पडलेला प्रश्न जर्मनांनाही पडला होता, भिंत उघडल्याचा दिवस राष्ट्रीय दिन म्हणून सुचवला गेला होता पण १९३८ मुळे तो मागे पडला आणि दोन्ही जर्मनी एक झाल्याचा ३ ऑक्टोबर ठरला. तेही खाली लिहा, मुलं विचारतीलच.