मोठ्या सुरीसाठी कठीण पोलाद घ्यावे की मऊ?

स्वयंपाक हा माझा छंद आहे आणि बहुतेक दिवशी बराच वेळ चिरण्या-कापण्यातच जातो. पूर्वी घेतलेल्या सहा सुऱ्यांच्या संचातील चार सुऱ्यांना क्वचितच हात लागतो, हे ध्यानात आल्यावर आता साधारण २० सेंटीमीटर पात्याची एक मोठी आणि सोलण्यासाठी ८ ते १० सेंटीमीटरची एक लहान, अशा दोनच पण चांगल्या सुऱ्या घ्याव्यात असे ठरवले आहे. लहान सुरी निवडणे सोपे आहे. अडले आहे ते मोठीपाशी.

जर्मन पद्धतीच्या बहुतेक सुऱ्यांच्या पोलादाची कठीणता रॉकवेल मापनात (आकडा जितका मोठा, तितके पोलाद कठीण) ५४ ते ५८ च्या आसपास असते. असे पोलाद लवकर बोथट होते, परंतु कठीण वस्तू लागली तरी धार सहसा नुसती वळते आणि सळईवर काही वेळा ओढल्यावर पुन्हा सरळ होते. याउलट व्हीजी-१० सारख्या जपानी पोलादाची कठीणता ६० च्या घरात असते, त्यामुळे पाते पातळ ठेवता येते आणि धारही जास्त दिवस टिकते. मात्र हाड किंवा गोठलेला पदार्थ लागला, अथवा चिरताना पाते आडवे पिळले गेले, तर धारेचा टवका उडण्याची भीती असते. अशा सुरीने एकदा पिकलेला टोमॅटो कापून पाहिला, तेव्हापासून तिचा मोह सुटत नाही.

गंजणाऱ्या कार्बन पोलादाचा विचार मी सोडला आहे, कारण आंबट फळ कापल्यावर पाते लगेच धुऊन कोरडे करण्याची शिस्त घरातील सर्वांकडून पाळली जाईल असे वाटत नाही. पात्याच्या मुळाशी असलेला धातूचा जाड भाग धारेपर्यंत उतरलेली सुरीही नको, कारण तिची टाच, म्हणजे मुठीकडील धारेचे टोक, धार लावण्याच्या दगडावर नीट टेकत नाही. १००० क्रमांकाच्या, म्हणजे मध्यम कणांच्या, दगडावर धार लावायला मी शिकलो आहे.

मी सुरीचे टोक लाकडी पाटावर टेकवून ती झुलवत चिरतो आणि तीच सुरी घरातील इतरही वापरतील. अशा वापरात ६० कठीणतेची सुरी टिकेल का? ज्यांनी दोन्ही प्रकार किमान वर्षभर वापरले आहेत, त्यांनी धार किती दिवसांनी लावावी लागते आणि टवके प्रत्यक्षात कितपत उडतात, हे कृपया सांगावे.