पोस्टर आधी की पेटंट आधी? महाविद्यालयातील शोध उद्योगापर्यंत नेण्याविषयी

प्रश्न — रसायनशास्त्र_माटुंगा

मी मुंबईतील एका अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. यंदापासून बौद्धिक संपदा कक्षाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. कक्ष म्हणजे तूर्त एक कपाट आणि एक शिक्का. आमच्या एका पीएच.डी. विद्यार्थिनीने ससून डॉकवरून आणलेल्या कोळंबीच्या सालांपासून कायटोसॅन हा नैसर्गिक बहुवारिक पदार्थ काढून त्याचे मणी तयार केले आहेत. प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा देण्याच्या) सांडपाण्यातील हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचे विषारी रूप, ते शोषून घेतात. काचेच्या नळीत मणी भरून वरून पिवळे पाणी सोडले की खाली निवळ पाणी येते आणि त्यात क्रोमियम ओळखण्याचे डायफिनाइलकार्बाझाइड घातल्यावर जांभळी छटा उमटत नाही.

पुढील महिन्यात एका राष्ट्रीय परिषदेत तिचे पोस्टर आहे. त्याच सुमारास वसईतील एका प्लेटिंग व्यावसायिकाने मण्यांचा नमुना मागितला आहे. पेटंटचा अर्ज परिषदेनंतर केला तर चालेल का, तो कोणाच्या नावे करावा, खर्च किती येतो, आणि पेटंट मिळाल्यावर त्याचे पुढे नेमके करायचे काय, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. प्राचार्यांचे म्हणणे असे की आधी पेपर छापून येऊ द्या, पेटंटचे मग बघू.

उत्तर १ — पेटंट_एजंट_दादर

मॅडम, प्राचार्यांचा क्रम उलटा करावा लागेल. पोस्टर लागण्यापूर्वी, किंबहुना परिषदेची सारांशपुस्तिका प्रसिद्ध होण्यापूर्वी अर्ज दाखल झाला पाहिजे, कारण एकदा माहिती लोकांसमोर आली की नावीन्याचा दावा करणे अवघड होते. पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३१ मध्ये विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासाठी १२ महिन्यांची सूट आहे हे खरे, परंतु तिची व्याप्ती अरुंद आहे आणि युरोपात तशी सूट तुम्हाला मुळीच मिळणार नाही. तिच्यावर भिस्त ठेवून पोस्टर लावू नये. प्रबंधाचेही तेच आहे. तो ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढला की जगाला खुला झाला.

महिनाभरात संपूर्ण (कम्प्लीट) स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचे सविस्तर वर्णन, तयार होणार नसेल तर प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करावा. त्यानंतर १२ महिन्यांत कम्प्लीट स्पेसिफिकेशन द्यावे लागते, आणि परदेशात जायचे असल्यास पीसीटीची (आंतरराष्ट्रीय पेटंट अर्जाची) मुदतही प्रोव्हिजनलच्याच तारखेपासून १२ महिने मोजली जाते. मात्र घाईघाईने पानभर मजकूर लिहून प्रोव्हिजनल टाकण्यात अर्थ नाही. त्यात जे लिहिलेले नाही त्याला ती तारीख मिळत नाही. मणी कसे केले, कोणत्या पीएचला, किती वेळात, किती क्रोमियम धरले, हे सारे त्यात आले पाहिजे.

खरी अडचण पुढे आहे. कायटोसॅन क्रोमियम शोषते, ही गोष्ट कित्येक वर्षे छापील साहित्यात आहे, आणि आम्लात विरघळू नये म्हणून ग्लुटराल्डिहाइड या रसायनाने घट्ट केलेले मणीही नवे नाहीत. तेव्हा तुमच्या विद्यार्थिनीने वेगळे काय केले, याचे उत्तर दोन वाक्यांत देता आले पाहिजे. नुसते मिश्रण असेल तर, अशा मिश्रणाला पेटंट नाकारणारे कलम ३(ई) आडवे येईल. ‘इनपास’ (भारतीय) आणि ‘एस्पेसनेट’ (युरोपीय) या दोन्ही पेटंटसंग्रहांत आधीच्या पेटंटांचा विनामूल्य शोध घेता येतो. तो तिनेच घ्यावा, कारण मण्यांतला बारकावा तिच्याइतका मला कळणार नाही.

शुल्काची धास्ती नको. २०२१ च्या नियमदुरुस्तीपासून शैक्षणिक संस्थांना ८० टक्के सवलत आहे. ऑनलाइन अर्जाला १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीला ४,००० रुपये लागतात. त्यासाठी फॉर्म २८ जोडावा. एजंटचे मानधन अर्थात वेगळे. परीक्षणाची विनंती पूर्वी ४८ महिन्यांत करता येत असे, मार्च २०२४ नंतरच्या अर्जांना ती मुदत ३१ महिन्यांची झाली आहे. ही तारीख चुकली तर अर्ज मागे घेतला असे समजले जाते, म्हणून ती कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवा. अर्ज ऑनलाइन होत असल्याने अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात (पेटंट कार्यालयात) खेटे घालावे लागत नाहीत.

आणखी एक बाब बहुतेक जण विसरतात. कोळंबीची साले ही जैविक सामग्री आहे, त्यामुळे ती कोठून आणली हे स्पेसिफिकेशनमध्ये नमूद करावे लागते. शिवाय जैवविविधता कायद्याच्या २०२३ मधील दुरुस्तीनुसार भारतीय अर्जदाराने पेटंट मंजूर होण्यापूर्वी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करायची असते. हा कायदा तुमच्या सामग्रीला लागू होतो का, हे आताच तपासून घ्यावे. परीक्षकाचा आक्षेप येईपर्यंत थांबू नये.

उत्तर २ — प्लेटिंगवाला_वसई

मॅडम, तुमच्याकडे नमुना मागणारा मी नव्हे, पण माझा गाळाही त्याच भागात आहे, म्हणून घेणाऱ्याची बाजू मांडतो.

आम्ही आज क्रोमचे पाणी आम्ल अवस्थेत सोडियम मेटाबायसल्फाइटने क्षपित करतो, म्हणजे क्रोमियम कमी विषारी रूपात आणतो, मग चुना किंवा कॉस्टिक घालून गाळ खाली बसवतो. पद्धत जुनी आहे, गाळ फार होतो, पण कामगाराला ती पाठ आहे. भूपृष्ठीय पाण्यात सोडायच्या सांडपाण्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आत असावे लागते. तुमच्या नळीतून निवळ पाणी येते हे उत्तमच. तथापि माझ्या टाकीतल्या पाण्यात क्रोमियम एकटे नसते, निकेल, तेल, सल्फेट, कधी साबणही असतो. त्या पाण्यावर मणी किती टिकतात, कॉस्टिकने धुऊन किती वेळा वापरता येतात, आणि निकामी झालेले मणी घातक कचरा म्हणून तळोज्याच्या विल्हेवाट केंद्राला पाठवण्याचा खर्च धरून हिशेब काय बसतो, हे तीन आकडे असतील तर आमच्यासारखा माणूस बोलायला बसेल. पेटंट क्रमांक दाखवून कोणी गाळ्यात येत असेल तर मी चहा पाजतो, ऑर्डर देत नाही.

नमुना जरूर द्या, पण गोपनीयतेच्या करारावर सही घेऊन, आणि मणी कसे केले ते न सांगता. आमच्या धंद्यात चांगली युक्ती एका गाळ्यातून दुसऱ्यात जायला एक जेवणाची सुट्टी पुरते.

उत्तर ३ — हस्तांतरण_निवृत्त

एका संशोधन संस्थेच्या तंत्रज्ञान हस्तांतरण विभागात मी बरीच वर्षे काम केले. वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. मालकीविषयी लिहितो, कारण भांडणे तिथेच होतात.

नोकरीत लागलेल्या शोधाचा मालक कोण, याविषयी आपल्या पेटंट कायद्यात स्वतंत्र कलम नाही. सार्वजनिक निधीतून झालेल्या संशोधनासाठी अशा शोधांचे हक्क विद्यापीठांना घेऊ देणाऱ्या अमेरिकेच्या १९८० च्या बे-डोल कायद्याच्या धर्तीवर एक विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे सारे काही संस्थेच्या धोरणावर, नेमणुकीच्या अटींवर आणि अनुदानाच्या मंजुरीपत्रावर अवलंबून राहते. विद्यार्थिनी तर तुमची कर्मचारीही नाही. शोधक म्हणून तिचे नाव आलेच पाहिजे, आणि महाविद्यालयाच्या नावे अर्ज करायचा असल्यास तिने हक्क महाविद्यालयाला दिल्याचा कागद हवा. त्या बदल्यात उत्पन्नातील तिचा वाटा त्याच कागदात लिहावा. ‘नंतर बघू’ असे म्हटलेले वाटे नंतर कोणीच बघत नाही. ज्यांनी केवळ उपकरण वापरू दिले त्यांची नावे शोधकांत घालू नयेत, मग ते विभागप्रमुख का असेनात.

आता विकायचे कसे? आयआयटी मुंबईच्या प्रयोगशाळेतून आणि टाटा मेमोरियलच्या सहकार्यातून आलेल्या नेक्सकार१९ या कर्करोगावरील उपचारपद्धतीचे उदाहरण सर्वांच्या तोंडी असते. तिच्यासाठी इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनी उभी राहिली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. ती वाट आकर्षक असली तरी तिच्यामागे रुग्णांवरील चाचण्या, आयआयटी मुंबईतील ‘साईन’सारखे इनक्युबेटर (नव्या कंपन्यांना आधार देणारे केंद्र) आणि मोठे भांडवल होते. तुमच्या मण्यांसाठी लायसन्सची, म्हणजे उद्योगाला शोध वापरण्याची परवानगी देण्याची, वाट अधिक सोयीची दिसते. अपवर्जक (केवळ एकालाच दिलेले) लायसन्स द्यायचेच झाले तर ठरावीक काळात उत्पादन सुरू न केल्यास ते रद्द होईल अशी अट घालावी, अन्यथा पेटंट घेणाऱ्याच्या कपाटात निजून राहते. एकदम मोठी रक्कम मागण्यापेक्षा थोडे आगाऊ शुल्क आणि विक्रीवर रॉयल्टी, हे लहान उद्योजकाला झेपते. आणि चाचणीत त्याच्या टाकीवर मिळालेली माहिती कोणाची राहील, हेही गोपनीयतेच्या करारातच लिहून घ्यावे.

रसायनशास्त्र_माटुंगा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. विद्यार्थिनीशी बोलले. ग्लुटराल्डिहाइड तिने वापरलेलेच नाही. मणी घट्ट करण्याची तिची रीत वेगळी आहे आणि ते आम्ल पाण्यात टिकतात, असे तिच्या नोंदवहीत तारखांसह आहे. ती रीत अर्थातच येथे लिहीत नाही. एक शंका राहते: वसईच्या व्यावसायिकाला सहअर्जदार केले तर तो शुल्क भरायला तयार आहे. करावे का?

पेटंट_एजंट_दादर

करू नये. १,६०० रुपयांसाठी मालकीतला भागीदार आणण्याचे कारण नाही. सहमालक झाल्यावर, वेगळा करार नसेल तर तो तुम्हाला न विचारता स्वतः शोध वापरू शकतो, आणि त्याच्या संमतीवाचून तुम्हाला दुसऱ्या कोणाला लायसन्स देता येत नाही. कलम ५० तसे सांगते. त्याला चाचणीसाठी पाणी आणि जागा देऊ द्या. नोंदवहीच्या त्या पानांवर मार्गदर्शकांची तारखेसह सही आजच घ्या. पोस्टरचा सारांश पाठवून झाला असल्यास त्यात रीत उघड झाली आहे का हे पाहून आयोजकांना सुधारित मजकूर पाठवा. पुस्तिका छापायला गेली नसेल तर ते सहसा बदलून देतात.