वेंगुर्ल्याची गाडी, गंजलेल्या लोखंडी रिम : घरीच रंगवायच्या तर जुना रंग किती काढायचा?

खाजणवाट :
नमस्कार. माझी २०१३ ची वॅगन-आर आहे. घर वेंगुर्ल्यात, बंदराच्या बाजूला. गाडी उघड्यावरच असते, वर झावळांचा मांडव तेवढा. परवा पंक्चर काढायला व्हील कव्हर उतरवलं तर आतली लोखंडी रिम चांगलीच गंजलेली दिसली. मग बाकीचीही कव्हरं काढून पाहिली, सगळीकडे तेच. नटांच्या भोवती आणि हवेच्या व्हॉल्व्हपाशी गंज जास्त, काठाला रंगाचे पापुद्रे सुटलेत. मधला सिल्व्हर रंग मात्र बऱ्याच ठिकाणी शाबूत आहे.

एक जण म्हणतो सगळा रंग काढून कोरं लोखंड दिसू दे, मगच रंगव. शेजारचे काका म्हणतात वरून रेड ऑक्साइड मार, खिडक्यांना मारतो तसा. मला टायर न उतरवता अंगणात करायचंय. घरात मी आणि आईच, त्यामुळे गाडी दोन-तीन दिवस जॅकवर ठेवायची भीती वाटते. कुणी केलंय का?

डोंबिवली_फास्ट_लेन :
ताई, पावडर कोटिंग करून टाका. टायर उतरवून रिम द्यायच्या, ते ब्लास्टिंग करून, म्हणजे वाळूसारख्या बारीक कणांच्या जोरदार माऱ्याने जुना रंग-गंज उडवून, पावडर मारतात आणि भट्टीत साधारण १८०–२०० अंशांना भाजतात. घरच्या स्प्रेपेक्षा कितीतरी टिकतं.

चिपळूणचा_रंगारी :
खाजणवाट ताई, मी चिपळुणात गाड्यांच्या बॉडीचं रंगकाम करतो. किनाऱ्यावरच्या गाड्या रोज हाताखाली येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पावडर कोटिंग उत्तमच, त्याबद्दल वाद नाही. पण जवळ सोय नसेल तर घरी केलेलं कामही नीट टिकतं.

आधी तुमचा मुख्य प्रश्न. शाबूत असलेला रंग कृपा करून काढू नका. कारखान्यात लोखंडी रिम रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या जोरावर पहिला थर चढवतात. तो थर कानाकोपऱ्यात, वेल्डिंगच्या फटीतसुद्धा पोचलेला असतो. तुमच्या-माझ्या हातून तसा थर पुन्हा बसणार नाही. जिथे गंज आहे तिथेच लोखंडापर्यंत जा. चांगल्या रंगाला ४०० नंबरचा वॉटर पेपर फिरवून फक्त चमक घालवा. गंजाची जागा आणि चांगला रंग यांच्या मध्ये पायरी राहता कामा नये. डोळे मिटून बोट फिरवा, कडा लागली तर अजून घासा. नवा रंग सुटायला सुरुवात त्या कडेपासूनच होते.

घासायच्याही आधी धुणं. गंजाच्या खड्ड्यांत मीठ बसलेलं असतं आणि ते रंगाखाली राहिलं तर पुढच्या पावसाळ्यात फोड येणारच. गोड्या पाण्याने, साबण लावून, पुढून-मागून धुवा. तारेच्या ब्रशने गंज मोकळा करा आणि परत धुवा. मग ८० नंबरचा पेपर, त्यावर १८०. खड्ड्यांत जो काळा-तांबडा गंज निघतच नाही, त्याला रस्ट कन्व्हर्टर लावा. त्यातलं फॉस्फरिक आम्ल गंजाचं लोह-फॉस्फेट करतं, जागा काळसर पडते. डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ ठेवा, धुवायला सांगितलं असेल तर धुवा. नंतर कडक उन्हात पूर्ण वाळवा.

टायरला पॉलिश लावत असाल तर आता थांबवा. त्यातलं सिलिकॉन रिमवर उडालेलं असतं, आणि त्यावर रंग मारला की बारीक गोल खळगे पडतात. थिनरच्या फडक्याने पुसा, लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचला. पेट्रोलने पुसू नका. आगीची भीती आहेच, वर तेलकटपणा मागे राहतो.

काकांचं रेड ऑक्साइड खिडकीच्या गजांना ठीक. ते तैलरंगातलं असतं, वाळायला वेळ घेतं. कच्चं असताना वर स्प्रेचा झटपट वाळणारा रंग मारलात तर थर उचलला जाऊन सुरकुत्या पडतात. प्रायमर, रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) तिन्ही एकाच कंपनीचे, एकाच जातीचे स्प्रे कॅन घ्या.

टायर उतरवायची गरज नाही. हवा बरीचशी सोडली की टायरची कड दाबून आत जाड कागद सरकवता येतो. जुन्या लग्नपत्रिका यासाठी फार छान, कडक असतात. अर्धी पत्रिका टायर आणि रिमच्या मध्ये, अर्धी टायरवर, अशी गोल रांग लावा. व्हॉल्व्हला मास्किंग टेप. बॅलन्सिंगची वजनं हलवू नका, त्यांच्या भोवतीनं रंगवा.

स्प्रे कॅन रिमपासून २०–२५ सेंटीमीटर लांब धरा. पातळ थर, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. पहिल्या थराला खालचं दिसलं तरी चालतं, तिसऱ्याला झाकतं. जाड मारला की ओघळतो. वास डोक्यात जातो, म्हणून उघड्यावर काम करा आणि वाफ गाळणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क लावा. रुमालाने वाफ अडत नाही. हार्डनरवाला टू-के रंग घरी वापरू नका. त्यातले आयसोसायनेट फुप्फुसाला फार वाईट.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नट जिथे टेकतो ती उतरती वाटी, आणि रिमची मागची सपाट बाजू जी हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) चिकटते, तिथे रंगाचे थर चढवू नका. गंज घासून साफ करा, बाकी टेपने झाका. तिथला रंग दाबाखाली चेपतो आणि घट्ट केलेला नट ढिला पडतो. दिसायला सुंदर रिम आणि सैल नट, हे मी गिऱ्हाइकाच्या गाडीवर पाहिलंय. चाक बसवल्यावर नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा आणि ५०–१०० किलोमीटर चालवून पुन्हा तपासा.

जॅकची भीती रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे स्टेपनीपासून सुरुवात करा. ती रंगवून पक्की वाळली की एका चाकाच्या जागी लावा, उतरलेलं चाक रंगवा. असं एकेक करत जा. गाडी कायम चार चाकांवर राहते, जॅक फक्त बदलण्यापुरता. जांभ्याच्या अंगणात जॅकखाली जाड फळी हवीच.

लेक_मिशिगन :
इथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे दुखणं तेच. एक भर घालतो. नट काढूनही चाक हबला गंजाने धरून बसतं. जॅकवर असताना हिसके देऊ नका. गाडी जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करून वीतभर पुढे-मागे घ्या, पकड सुटते.

खाजणवाट :
चिपळूणचे दादा, किती मनापासून लिहिलंत! दोन शंका. आता ऑगस्ट चाललाय, उघडीप मिळाली की सुरू करू का? आणि टायरच्या कडेला, आत जिथे टायर रिमला बसतो, तिथे गंज असेल तर?

चिपळूणचा_रंगारी :
ऑगस्टमध्ये रंग नको ताई. हवेत दमटपणा असला की रंग वाळताना पांढुरका धुरकट पडतो आणि लोखंडावर न दिसणारी ओल राहते. आत्ता फक्त गोड्या पाण्याने धुऊन ठेवा, घासणं आणि कन्व्हर्टर रंगाच्या वेळीच, नाहीतर उघडं लोखंड पुन्हा गंजेल. आणि व्हील कव्हर काढूनच गाडी चालवा, त्याच्या आत ओल कोंडते. रंग दिवाळीनंतर, सकाळी दहाच्या पुढे, वारा सुटायच्या आत.

कडेच्या गंजासाठी साबणाचं पाणी लावून बघा. बुडबुडे आले तर हवा जातेय, मग टायर उतरवून ती कड साफ करायलाच हवी, ते टायरवाल्याचं काम. आणि घासताना नटाच्या भोकापासून निघालेली केसासारखी बारीक रेघ दिसली, तर ती तडा असू शकते. ती रिम रंगवू नका, बदला. बाकीच्या रिमचे फोटो टाका, कोणता पेपर लागेल ते बघून सांगतो.